जठरातील जीवाणू आणि रक्तातील कर्क-दर्शक : अहवालातील आकड्यांचा अर्थ

नवी दिल्ली : आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’ या नावाखाली दोन-तीन चाचण्या आता सर्रास दिसू लागल्या आहेत. त्याच अहवालात अनेकदा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जीवाणूच्या चाचणीचीही नोंद असते. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला, किंवा जीवाणूपुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा आला, की घरात धास्ती पसरते. या दोन नोंदींचा परस्परांशी संबंध आहे. परंतु तो सर्वसामान्य समजुतीपेक्षा वेगळा आहे. रक्तातील काही दर्शक हे जठराच्या अस्तराची झीज किती झाली ते सांगतात, तर काही दर्शक हे झालेल्या कर्करोगाच्या उपचारांचा मागोवा घेण्यासाठी वापरले जातात. या दोहोंची गल्लत झाली तर निरोगी माणूस अकारण भयभीत होतो आणि ज्याला खरोखर तपासणीची गरज आहे तो निर्धास्त राहतो.

जागतिक पातळीवर हा विषय गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार जगभरात एका वर्षात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार जणांचा मृत्यू झाला. रुग्णसंख्या व मृत्युसंख्या या दोन्ही बाबतींत हा कर्करोग पाचव्या क्रमांकावर होता.

जीवाणूचा शोध

जठरातील तीव्र आम्लात कोणताही जीवाणू तग धरू शकत नाही, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ धारणा होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ मध्ये जठराच्या अस्तराच्या नमुन्यांत वक्राकार जीवाणू दिसले. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्या संशोधनात सहभागी झाले. जीवाणूची प्रयोगशाळेत वाढ करण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे काचेच्या बशा नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबवणीयंत्रात राहिल्या आणि त्यांवर प्रथमच जीवाणूंच्या वसाहती दिसल्या. पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला दाह झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले. या दोघांना २००५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जीवाणू ‘युरिएज’ नावाचे विकर मोठ्या प्रमाणात तयार करतो. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते. अमोनियामुळे जीवाणूभोवतीचे आम्ल उदासीन होते. आपल्या शेपटीवजा तंतूंच्या साहाय्याने तो श्लेष्माच्या थरात शिरतो आणि पेशींना चिकटून राहतो. संसर्ग बहुधा बालपणीच, कुटुंबातील निकट सहवासातून होतो. दाटीवाटीची वस्ती, अपुरी स्वच्छता आणि दूषित पाणी यांमुळे त्याचा फैलाव वाढतो. उपचार न केल्यास तो बहुतेकांच्या जठरात आयुष्यभर मुक्काम करतो आणि अनेकांना त्याची कोणतीही जाणीव होत नाही.

जुन्या रक्ताने दिलेली साक्ष

या जीवाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध प्रथम ठळकपणे समोर आला तो रक्ताच्याच साहाय्याने. हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या पुरुषांचे रक्तनमुने १९६० च्या दशकाच्या अखेरीस गोळा करून गोठवून ठेवण्यात आले होते. त्यांपैकी ज्यांना पुढे जठराचा कर्करोग झाला, अशा १०९ जणांचे जुने नमुने संशोधकांनी तपासले. त्यांतील ९४ टक्के नमुन्यांत या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती. कर्करोग न झालेल्यांच्या गटात हे प्रमाण ७६ टक्के होते. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया आणि ब्रिटनमधील साठवलेल्या रक्तावरील अभ्यासांनीही याच दिशेने बोट दाखवले. नमुने आजार होण्याच्या कित्येक वर्षे आधीचे असल्याने संसर्ग आधी आणि कर्करोग नंतर, हा क्रम स्पष्ट झाला.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरीचा समावेश मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूरही याच गटात मोडतो. जपानमध्ये १,५२६ रुग्णांची सरासरी ७.८ वर्षे जठरदर्शनाद्वारे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही.

या आकड्यांची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्या पाहणीत संसर्ग असलेल्या १,२१० जणांना कर्करोग झाला नव्हता. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण १ ते ३ टक्के लोकांनाच हा कर्करोग होतो, असे मानले जाते. जीवाणूचा प्रकार, व्यक्तीची आनुवंशिक घडण, आहारातील मीठ, धूम्रपान आणि संसर्गाचा कालावधी या साऱ्यांवर पुढील वाटचाल अवलंबून असते. ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन जठराच्या पेशींत सोडणारे प्रकार अधिक घातक ठरतात.

दाहापासून कर्करोगापर्यंत

कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेया यांनी १९७० च्या दशकात या वाटचालीच्या पायऱ्या मांडल्या. त्या वेळी जीवाणूचा शोधही लागलेला नव्हता. प्रथम जठराच्या अस्तराला दीर्घकालीन दाह होतो. पुढे आम्ल व पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथी झिजतात. याला अपक्षय म्हणतात. त्यानंतर जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात. काही जणांत या पेशींची घडण बिघडते आणि अखेरीस कर्करोग होतो. हा प्रवास बहुधा काही दशकांचा असतो. बहुतेक संसर्गित व्यक्ती अखेरच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. रक्तातील उपयुक्त दर्शकांचा संबंध याच मधल्या पायऱ्यांशी आहे.

पहिला गट : जठराच्या स्थितीचे दर्शक

जठराच्या ग्रंथी ‘पेप्सिनोजेन’ नावाचे प्रथिन तयार करतात. आम्लाच्या संपर्कात त्याचे पेप्सिन या पाचक विकरात रूपांतर होते. त्याचा अल्पसा अंश रक्तात उतरतो. पेप्सिनोजेन-१ मुख्यतः जठराच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथींतून येते, तर पेप्सिनोजेन-२ जठराच्या खालच्या टोकातून व लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातूनही येते. जीवाणूमुळे दाह झाला की दोन्हींची पातळी वाढते, मात्र दुसऱ्याची अधिक. पुढे ग्रंथी झिजू लागल्या की पहिल्याची पातळी घसरते. त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर कमी होत जाते. जठराचे किती नुकसान झाले असावे याचा अंदाज या गुणोत्तरावरून बांधता येतो.

जपानमध्ये काझुमासा मिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून जोखीम ठरवण्याची पद्धत विकसित केली. पेप्सिनोजेन-१ प्रतिमिलिलिटर ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असल्यास अपक्षय झाल्याचे समजले जाते. त्याच्या जोडीला जीवाणूविरोधी प्रतिपिंडांची चाचणी करून व्यक्तींची चार गटांत विभागणी होते. ‘अ’ गटात संसर्ग नाही आणि अपक्षयही नाही. ‘ब’ गटात संसर्ग आहे, अपक्षय नाही. ‘क’ गटात दोन्ही आहेत. ‘ड’ गटात अपक्षय आहे, परंतु प्रतिपिंडे सापडत नाहीत.

या चार गटांत सर्वाधिक जोखीम ‘ड’ गटाला असते. संसर्गाची चाचणी नकारात्मक येणाऱ्याला अधिक धोका असतो, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्याचे कारण असे की, अस्तर अतिशय झिजले आणि आम्ल कमी झाले की जीवाणूलाच तेथे राहणे कठीण होते. तो नाहीसा होतो, कालांतराने प्रतिपिंडेही ओसरतात. नुकसान मात्र मागे उरते. ‘निगेटिव्ह’ हा शेरा स्वतंत्रपणे वाचू नये, याचे हे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तिच्यातून कर्करोगाचे निदान होत नाही. कोणाचे जठरदर्शन आधी करावे एवढेच ठरते. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत पेप्सिनोजेनची पातळी वाढते. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांतही ती वाढलेली दिसते. जीवाणूवर उपचार झाल्यानंतर गुणोत्तर सुधारते, त्यामुळे उपचार घेतलेल्या व्यक्तीला या गटांत बसवणे दिशाभूल करणारे ठरते. शिवाय, जठराच्या भिंतीत विखरून पसरणारा कर्करोग अपक्षयाच्या वाटेने येतोच असे नाही; तो या चाचणीतून निसटू शकतो.

दुसरा गट : अर्बुदाचे दर्शक

आरोग्य तपासणीच्या अहवालात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून जे छापले जाते ते बहुधा या दुसऱ्या गटातील असते. सीईए हा दर्शक १९६५ मध्ये कॅनडातील फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधला. सीए १९-९ हा दर्शक १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झालेल्या संशोधनातून पुढे आला. सीए ७२-४ हाही जठराच्या कर्करोगात वापरला जातो. उपचारांना रोग कसा प्रतिसाद देतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उद्भवत आहे काय, हे पाहण्यासाठी या चाचण्यांचा उपयोग होतो. लक्षणे नसलेल्या व्यक्तीत जठराचा कर्करोग शोधण्यासाठी त्यांची शिफारस केली जात नाही.

त्याचे कारण आकड्यांत आहे. जपानमधील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार जठराचा कर्करोग असलेल्यांतही सीईए सुमारे २१ टक्के, सीए १९-९ सुमारे २८ टक्के आणि सीए ७२-४ सुमारे ३० टक्के रुग्णांतच वाढलेले होते. आरंभीच्या अवस्थेत हे प्रमाण आणखी कमी असते. म्हणजे ज्या टप्प्यावर रोग पूर्ण बरा होण्याची शक्यता सर्वाधिक, नेमक्या त्याच टप्प्यावर या चाचण्या बहुतांश रुग्णांत गप्प राहतात. काही लोकांच्या शरीरात रक्तगटाशी संबंधित विशिष्ट घटक जन्मतःच नसतो. त्यांच्यात सीए १९-९ तयारच होत नाही. त्यांचा अहवाल कर्करोग असूनही निर्दोष दिसू शकतो.

याउलट, कर्करोग नसतानाही हे आकडे वाढतात. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए वाढलेले असते. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तर सीए १९-९ अनेक पटींनी चढू शकते आणि अडथळा दूर झाल्यावर उतरते. स्वादुपिंडाचा दाह आणि यकृताचे विकार हीदेखील त्याची कारणे आहेत. सीए ७२-४ ची पातळी गाऊटवरील कोल्चिसीन या औषधामुळे वाढल्याच्या नोंदी आहेत.

जीवाणूचा या दर्शकांवर परिणाम होतो काय?

हा प्रश्न संशोधकांनी अनेक देशांत तपासला आहे. आरोग्य तपासणीसाठी आलेल्या निरोगी व्यक्तींच्या काही अभ्यासांत, संसर्ग असलेल्यांत सीए ७२-४ सारख्या दर्शकाची पातळी किंचित जास्त आढळली. इतर अभ्यासांत असा फरक दिसला नाही. दीर्घकालीन दाहामुळे अस्तराच्या पेशींची झीज-भर वाढते आणि त्यांच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त रेणू बदलतात. सीए १९-९ हा अशाच एका शर्करासाखळीचा भाग आहे. दाह झालेल्या अस्तरावर दिसणाऱ्या याच जातीच्या शर्करासाखळ्यांना जीवाणू आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या साहाय्याने चिकटतो. त्यामुळे दाह आणि दर्शक यांचा जैविक धागा जुळतो.

तथापि, एवढ्यावरून ‘जीवाणू सापडला आणि मार्कर वाढला, म्हणजे कर्करोग’ असा निष्कर्ष काढता येत नाही. संसर्ग बरा झाल्यावर मार्कर उतरेलच, किंवा उतरला म्हणजे धोका टळला, असेही म्हणता येत नाही. एकदाच आलेल्या किंचित वाढीव आकड्यापेक्षा तो काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर चढता आहे की स्थिर, याला डॉक्टर अधिक महत्त्व देतात. जठराबाबत शंका असेल तर अंतिम उत्तर जठरदर्शन आणि अस्तराच्या तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, यांतूनच मिळते.

भारतातील चित्र

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांना या जीवाणूचा संसर्ग झालेला असतो, असे विविध पाहण्यांतून दिसते. तरीही देशाच्या मोठ्या भागात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जपान किंवा कोरियाच्या तुलनेत बरेच कमी आहे. संसर्ग व्यापक, पण कर्करोग तुलनेने कमी, या विसंगतीला संशोधक ‘आशियाई कोडे’ म्हणतात. आफ्रिकेतही अशीच स्थिती आढळते.

देशांतर्गत तफावतही मोठी आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ पासून चालू आहे. या नोंदींनुसार जठराच्या कर्करोगाचे देशातील सर्वाधिक प्रमाण मिझोरममध्ये आहे. दक्षिणेत चेन्नईसारख्या शहरात ते मुंबईपेक्षा अधिक आढळते. मिझोरममधील अभ्यासांत धुरावलेले मांस, ‘सा-उम’ हा आंबवलेल्या डुकराच्या चरबीचा पदार्थ आणि ‘तुइबुर’ हे तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी यांचा या रोगाशी संबंध आढळला आहे. काश्मीरमध्ये खारट चहा आणि उन्हात वाळवलेल्या भाज्यांच्या सेवनाकडे संशोधकांनी लक्ष वेधले आहे. त्यामुळे जपानमध्ये ठरलेल्या मर्यादा भारतातील प्रत्येक प्रदेशाला जशाच्या तशा लागू करणे योग्य ठरत नाही.

मात्र कमी प्रमाण हे निर्धास्त राहण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००८ ते २०१७ या काळात जगात जन्मलेल्यांपैकी सुमारे १ कोटी ५६ लाख व्यक्तींना आयुष्यात जठराचा कर्करोग होऊ शकतो आणि त्यांपैकी ७६ टक्के रुग्णांत त्याचे मूळ या जीवाणूत असेल. हा बोजा आशियावर सर्वाधिक असेल. भारताची मोठी तरुण लोकसंख्या लक्षात घेता हा इशारा आपल्यालाही लागू पडतो.

संसर्ग कसा ओळखावा

रक्तातील प्रतिपिंडे संसर्ग बरा झाल्यानंतरही बराच काळ टिकतात. म्हणून रक्ताच्या चाचणीवरून संसर्ग आजचा आहे की जुना, हे कळत नाही. चालू संसर्ग ओळखण्यासाठी श्वासाची चाचणी किंवा विष्ठेतील प्रतिजनांची चाचणी अधिक विश्वसनीय मानली जाते. श्वासाच्या चाचणीत विशिष्ट कार्बनयुक्त युरिया पोटात घेतला जातो; जीवाणूने त्याचे विघटन केल्यास तो कार्बन उच्छ्वासात सापडतो. जठरदर्शन करताना घेतलेल्या तुकड्यावरही जलद चाचणी करता येते. या चाचण्यांपूर्वी आम्लरोधक गोळ्या साधारण २ आठवडे आणि प्रतिजैविके ४ आठवडे थांबवावी लागतात. अन्यथा जीवाणू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. गोळ्या बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

उपचारांचा लाभ

जीवाणूचा नायनाट केल्याने कर्करोग टळतो काय, याचे सबळ पुरावे उपलब्ध आहेत. दक्षिण कोरियात जठराच्या कर्करोगाचे रुग्ण असलेल्या कुटुंबांतील निकट नातेवाइकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या गटात १.२ टक्के, तर औषधी गुण नसलेल्या गोळ्या मिळालेल्या गटात २.७ टक्के लोकांना कर्करोग झाला. तैवानच्या मात्सु बेटांवर २००४ पासून सर्व प्रौढांची तपासणी करून उपचार करण्यात आले. तेथे संसर्गाचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. जपानने २०१३ मध्ये या संसर्गामुळे होणाऱ्या जठरदाहाचा उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कक्षेत आणला.

अपक्षय होण्यापूर्वी उपचार झाले तर लाभ अधिक असतो. अस्तराची घडण बदलल्यावर जीवाणू गेला तरी काही जोखीम उरते आणि अशा व्यक्तींना ठरावीक काळाने जठरदर्शन करावे लागते. उपचारात आम्लरोधक औषधासह दोन किंवा अधिक प्रतिजैविके साधारणपणे १४ दिवस दिली जातात. अनेक ठिकाणी बिस्मथचीही जोड दिली जाते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू ही यातील मोठी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचा समावेश उच्च प्राधान्याच्या जीवाणूंत केला होता. भारतात मेट्रोनिडाझोलला प्रतिरोध मोठ्या प्रमाणावर आढळतो. बरे वाटू लागताच गोळ्या अर्धवट सोडल्यास उपचार फसण्याची आणि प्रतिरोध वाढण्याची शक्यता असते. उपचार संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा विष्ठेची चाचणी करून जीवाणू गेल्याची खातरजमा करणे आवश्यक असते.

कोणी दुर्लक्ष करू नये

कारण नसताना वजन घटणे, घास गिळताना त्रास होणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी विष्ठा, उलगडा न होणारा पंडुरोग आणि थोडे खाताच पोट भरल्याची भावना ही लक्षणे असल्यास मार्करचा अहवाल निर्दोष असला तरी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर संसर्गाची तपासणी करून घेण्याबाबत सल्ला घ्यावा. जठरातील व्रण, लोहाच्या कमतरतेमुळे होणारा आणि कारण न सापडणारा पंडुरोग, तसेच जठरातील एक विशिष्ट लसिकार्बुद असलेल्या रुग्णांतही या जीवाणूचा शोध घेतला जातो. या लसिकार्बुदाचे अनेक रुग्ण आरंभीच्या अवस्थेत केवळ प्रतिजैविकांनी बरे झाल्याचे १९९० च्या दशकापासून दिसून आले आहे.

अहवालातील ‘कॅन्सर मार्कर’ एकट्याने कर्करोग सिद्ध करू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. पेप्सिनोजेनसारखे दर्शक जठराच्या झिजेची पूर्वसूचना देतात, परंतु पुढची तपासणी त्यांनाही टळत नाही. या साखळीत वेळीच ओळखता येईल आणि औषधांनी दूर करता येईल असा दुवा जीवाणूचा आहे. म्हणून मार्करचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा संसर्ग चालू आहे काय, अस्तराची स्थिती कशी आहे आणि कुटुंबाचा पूर्वेतिहास काय, हे तीन प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोर जाणे अधिक हिताचे ठरते.